उंसांतील साखरेचा जमाखर्च

उंसाच्या दराविषयींचा कोणताहि वाद अखेर उताऱ्यावर येऊन ठेपतो. सन २०२४-२५ च्या हंगामासाठीं केंद्र सरकारनें क्विंटलास ३४० रुपये असा जो दर ठरविला, तो १०.२५ टक्के उताऱ्यासाठीं होता. आणि त्यावर चढणाऱ्या दर ०.१ टक्क्यास ३ रुपये ३२ पैसे जादा धरले होते. हा उतारा सबंध कारखान्याच्या सरासरीचा असतो. ज्यानें ऊंस पुरा पिकूं दिला त्याला आणि ज्यानें कोवळाच तोडून दिला त्याला एकच माप लागतें, हें आमच्या मतें न्यायाचें नव्हे. परंतु तो वाद आज बाजूस ठेवूं. उतारा कारखान्यांत ठरतो असें आपण बोलतों खरें, पण कारखाना साखर तयार करीत नाहीं. उंसानें केलेली साखर तो फक्त वेगळी काढतो, व त्यांतलीहि थोडी मळींत गमावतो. साखर ठरते ती कांड्यांत. ती तेथें किती सांठावी हें कशावर अवलंबून आहे, आणि तें प्रमाण बदलतां येईल काय, या प्रश्नाचा छडा लावण्यासाठीं शास्त्रज्ञांनीं गणिताचा आश्रय केला आहे. हें गणित दिसावयास अवघड आहे; परंतु ज्यास जमाखर्चाची वही लिहितां येते त्यास त्यांतील मुख्य मुद्दा समजण्यास अडचण पडूं नये, अशा समजुतीनें आम्ही तो येथें मांडीत आहों.

सामान्य समजूत अशी कीं, पानांत साखर तयार होते, ती कांड्यांत उतरते, आणि कणगींत धान्य भरावें तशी तेथें भरत जाते. ही समजूत अर्धीच खरी आहे. १९६३ सालीं ऑस्ट्रेलियांतील ब्रिस्बेन येथें हॅच, सॅकर व ग्लॅझिऊ या संशोधकांनीं दाखविलें कीं, वाढत्या कांड्यांत येणारी साखर पेशींच्या बाहेर, भिंतींच्या पोकळींत, आधीं फुटते. तिच्या एका कणापासून ग्लुकोज व फ्रुक्टोज अशा दोन साध्या शर्करा होतात. या दोन शर्करा पेशींत शिरतात, तेथें पुन्हां जोडल्या जाऊन त्यांची साखर बनते, आणि ती पेशींतील रसानें भरलेल्या कोठींत, म्हणजे रिक्तिकेंत, सांठविली जाते. पुढें असें आढळून आलें कीं, गोष्ट एवढ्यावरच थांबत नाहीं. पेशीच्या आंत, कोठीच्या बाहेरच्या अंगणांत, नुकतीच जोडलेली साखर कांहीं अंशीं पुन्हां फोडली जाते व पुन्हां जोडली जाते. दर जोडणीस पेशीला ऊर्जा खर्चावी लागते. साखर जाळूनच ती ऊर्जा मिळवावयाची, म्हणजे ही फेरी फुकटची नव्हे. एका हातानें भिंत बांधावी व दुसऱ्या हातानें पाडावी असा हा प्रकार आहे. शास्त्रीय ग्रंथांत याला व्यर्थ चक्र असें नांव आहे. तें आम्हांस पुरतें पटत नाहीं, कारण जिवंत वस्तूंतील एखादी क्रिया व्यर्थ आहे असें ठरविण्यापूर्वीं तिचा उपयोग आपणांस दिसला नाहीं इतकेंच म्हणणें बरें.

तेव्हां कांड्यांतील साखर हा केवळ सांठा नसून ती वहींतील शिल्लक आहे. जमेंतून खर्च वजा जातां जें उरतें तें. आणि जमा व खर्च या दोन्ही बाजू रात्रंदिवस चालूच असतात.

ही जोडतोड आपोआप होत नाहीं. प्रत्येक क्रियेला एकेक विकर, म्हणजे एन्झाइम, लागतें. साखर फोडणाऱ्या विकराचें नांव इन्व्हर्टेज. या नांवाचा इतिहास मनोरंजक आहे. साखरेच्या पाण्यांतून विशिष्ट प्रकारचा प्रकाश पाठविला असतां त्याची दिशा उजवीकडे वळते. साखर फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज झालीं कीं ती डावीकडे वळते. दिशा उलटली, म्हणून त्या क्रियेस उलटण्याची क्रिया म्हणूं लागले. कारखान्याच्या प्रयोगशाळेंत 'पोल' काढतात तो याच गुणावर. १९१३ सालीं बर्लिन येथें लिओनोर मिखाएलिस व कॅनडाहून आलेल्या मॉड मेंटेन या बाईंनीं याच प्रकाशमापक यंत्रानें यीस्टमधील इन्व्हर्टेजचा वेग मोजला, आणि विकरांच्या वेगाचा जो नियम मांडला त्यावरच पुढील सर्व हिशेब उभा आहे.

तो नियम गुऱ्हाळाच्या दाखल्यानें समजेल. चरकाजवळ ऊंस थोडाच येऊन पडला असेल तर जितका ऊंस अधिक येईल तितका रस अधिक निघेल. परंतु गाड्यांची रांग लागली म्हणजे आणखी गाड्या आल्यानें रस वाढत नाहीं. चरक आपल्या शक्तीइतकाच ऊंस घेणार. विकराचेंहि तसेंच. समजा, एका विकराची कमाल शक्ति १०० आहे, आणि साखरेचें प्रमाण १० असतां तें निम्म्या शक्तीनें, म्हणजे ५० वेगानें, काम करतें. मग साखर २० झाली तर वेग १०० न होतां सुमारें ६७ होतो. साखर ४० झाली तर ८०. आणि ९० झाली तेव्हां कोठें ९०. रीत अशी कीं, साखरेचें प्रमाण कमाल शक्तीनें गुणावें, आणि साखरेचें प्रमाण व तो दहाचा आंकडा यांच्या बेरजेनें भागावें. प्रत्येक विकराला असे दोन आंकडे असतात, एक शक्तीचा व एक निम्म्या वेगाचा. आणि दोन्ही प्रयोगशाळेंत मोजतां येतात.

एकेका विकराचें झालें. परंतु पेशींत एकटें विकर नसतें, आणि खरी गंमत व खरी अडचण तेथूनच सुरू होते. ती दाखविण्यासाठीं आम्ही एक लहानसा हिशेब करतों. यांतील आंकडे आम्हीं केवळ समजुतीसाठीं घेतले आहेत, ते उंसावर मोजलेले नव्हत, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. वेगाचा वर सांगितलेला नियमहि येथें सोपा करून घेतला आहे.

समजा, पेशींत रोज साध्या शर्करांच्या १०० जोड्या बाहेरून येतात. एक जोडी म्हणजे एका साखरेचा ऐवज. पेशींत जितक्या जोड्या शिल्लक असतील त्यांच्या चौपट रोज जोडल्या जाऊन साखर होते, आणि एकपट श्वसनांत व वाढींत खर्च होतात. अंगणांतील जितकी साखर शिल्लक असेल तिच्या तिप्पट रोज कोठींत जाते, आणि एकपट फुटून पुन्हां साध्या शर्करांत मिळते. ही वही कोठें स्थिरावेल? साध्या जोड्या २५ व अंगणांतील साखर २५ धरली म्हणजे सर्व बाजू जुळतात. रोज १०० साखर जोडली जाते. तीपैकीं ७५ कोठींत जाते व २५ फुटते. २५ जोड्या श्वसनांत व वाढींत खर्च होतात. आलेल्या १०० चा हिशेब ७५ व २५ असा पुरा झाला.

आतां रोज २५ साखर फुटते हें पाहून कोणीहि म्हणेल, फोडणारें विकर निम्में करा म्हणजे निदान बारा-तेरा साखर वांचेल. करून पाहूं. फुटण्याचें प्रमाण एकपटीचें अर्धपट केलें कीं वही नव्या ठिकाणीं स्थिरावते. फुटणारी साखर २५ वरून १२.९ वर येते हें खरें. पण कोठींत जाणारी ७५ वरून किती होते? अवघी ७७.४. बारांहून अधिक साखर वांचविली, आणि पदरांत पडली ती अडीचाहून कमी! बाकीची गेली कोठें? ती कोठेंच गेली नाहीं. फुटणारी साखर पूर्वीं नाहींशी होत नव्हतीच. ती साध्या शर्करांत परत येऊन पुन्हां जोडली जात होती. फुटणें कमी झालें तशी जोडणीहि १०० वरून ९०.३ वर आली. जो खर्च मोठा दिसत होता तो एका खिशांतून दुसऱ्या खिशांत घातलेला पैसा होता.

फोडणारें विकर पूर्ववत् ठेवून जोडणारें दुप्पट केलें तर? तेव्हां कोठींत जाणारी साखर ८५.७ होते, आणि फुटणारी साखर कमी न होतां २५ वरून २८.६ वर चढते. नासाडी वाढली आणि शिल्लकहि वाढली. ज्यानें फक्त नासाडीचा आंकडा पाहिला असता त्यानें या उपायाला नांवें ठेविलीं असतीं. आणि जोडणारें विकर दुप्पट करूनहि सांठा दुप्पट होत नाहीं, शेंकडा चौदाच वाढतो, हेंहि लक्षांत घ्यावें.

मोठा वेग असणारी क्रिया व सत्ता असणारी क्रिया या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. कोणत्या विकराची किती सत्ता चालते हें मोजण्याची रीत एडिंबरो येथील काक्सर व बर्न्स यांनीं १९७३ सालीं, आणि बर्लिन येथील हाइनरिख व रापोपोर्ट यांनीं स्वतंत्रपणें १९७४ सालीं दिली. एखादें विकर शेंकडा एकानें वाढविलें असतां अखेरचा प्रवाह शेंकडा किती बदलतो, हें त्या विकराच्या सत्तेचें माप. सर्व विकरांच्या सत्तेची बेरीज नेहमीं एकच येते. एका रुपयाचे सोळा आणे भाऊबंदांत वांटले जावे तशी ही सत्ता वांटली जाते; जेथें शाखा फुटतात तेथें एखाद्या भावाच्या वाट्यास उणे आणेहि येतात. आमच्या शेतकरी बंधूंस लीबिगचा नियम ठाऊक आहे: जें द्रव्य सर्वांत कमी तेंच पिकाची मर्यादा ठरवितें. पेशींतील विकरांच्या बाबतींत हा नियम जसाच्या तसा लावणें धोक्याचें आहे. तेथें बहुधा एकच अडसर नसतो. सत्ता अनेकांत विभागलेली असते, आणि एकाला बळ दिलें कीं त्याची सत्ता घटून ती शेजाऱ्याकडे जाते.

आतां खऱ्या आंकड्यांकडे वळूं. दक्षिण आफ्रिकेंतील स्टेलेनबॉश येथें योहान रोवर व फ्रेडरिक बोथा यांनीं २००१ सालीं उंसाच्या कांड्यांतील साखरेचा असा हिशेब प्रसिद्ध केला. त्यांत एकंदर अकरा क्रिया घेतल्या होत्या: ग्लुकोज व फ्रुक्टोज पेशींत शिरणें, त्यांस फॉस्फेट लागणें, साखर जोडली जाणें, ती दोन निरनिराळ्या विकरांनीं फुटणें, कोठींत जाणें, आणि श्वसनाकडे होणारी गळती. प्रत्येक विकराचे मोजलेले आंकडे त्यांनीं निरनिराळ्या प्रयोगांतून गोळा केले. आम्हांस यांतील सर्वांत प्रामाणिक गोष्ट ही वाटते कीं, उत्तर जमावें म्हणून एकहि आंकडा त्यांनीं मागाहून वांकविला नाहीं. आणि तरीहि गणितानें आलेलीं प्रमाणें व उंसावर प्रत्यक्ष मोजलेलीं प्रमाणें यांत कोठेंहि दुपटीहून अधिक अंतर पडलें नाहीं. दुपटीचें अंतर म्हणजे बाजारच्या हिशेबांत दिवाळेंच. परंतु जिवंत पेशीच्या हिशेबांत, तोहि परक्या आंकड्यांवर बांधलेल्या, तें पुष्कळ जवळ आहे.

मग त्यांनीं प्रत्येक विकराची सत्ता काढली, आणि ज्यांची अधिक दिसली त्यांचें प्रमाण पांचपटीच्या टप्प्यांत कमीजास्त करून पाहिलें. साखर वाढविण्यास उपयोगी पडतील अशा जागा त्यांस या दिसल्या: ग्लुकोज किंवा फ्रुक्टोज पेशींत आणणारें द्वार मोठें करणें, साखर कोठींत ढकलणारें द्वार मोठें करणें, आणि अंगणांतील इन्व्हर्टेज कमी करणें. येथें वाचक म्हणतील कीं, तुमच्या हिशेबांत फोडणारें विकर दुबळें ठरलें व यांच्या हिशेबांत बलवान् ठरलें, हें कसें? याचें कारण आंकडे निराळे, वेगाचा नियम निराळा, व वाटाहि अधिक. कोणाची सत्ता किती हें तर्कानें सांगतां येत नाहीं, मोजूनच सांगावें लागतें. गणिताचें काम मोजलेल्या आंकड्यांना एकमेकांसमोर उभें करणें हें होय.

या भाकितांची परीक्षा झाली काय? कांहीं अंशीं झाली. अंगणांतील तटस्थ इन्व्हर्टेजचें जनुक दाबून टाकलेल्या उंसाच्या पेशी दक्षिण आफ्रिकेंतच द्रव खाद्यांत वाढवून पाहिल्या, आणि २००७ सालीं त्याचा निकाल प्रसिद्ध झाला. साखर वाढली. परंतु श्वसन घटलें, आणि वाढहि घटली. याच्या उलट, कोठींतील अम्ल इन्व्हर्टेज कमी केलेल्या उंसांत साखरेचें प्रमाण म्हणण्यासारखें बदललें नाहीं, असें ऑस्ट्रेलियांतील प्रयोगांत २००१ सालीं आढळलें होतें. श्वसनाच्या वाटेवरील एक विकर दाबण्याचाहि प्रयोग झाला. त्याचा निकाल २००८ सालीं आला, व साखरेची वाढ दिसली ती कोवळ्या कांड्यांत.

पहिल्या प्रयोगांतील ती घटलेली वाढ हीच शेतकऱ्याच्या दृष्टीनें कळीची गोष्ट आहे. आमच्या लहानशा वहीकडे पुन्हां पाहावें. रोज १०० जोड्या येतात. त्या एकतर कोठींत जातात, नाहींतर श्वसनांत व वाढींत. तिसरी वाट नाहीं. म्हणून कोठींत ७५ ऐवजीं ८५.७ गेल्या तर दुसऱ्या बाजूस २५ ऐवजीं १४.३ च उरतात. विकर कोणतेंहि बदला, साखरेची भर पडते ती वाढीच्या वाट्यांतूनच. शेतकऱ्याला पैसे मिळतात ते टनेज व उतारा यांच्या गुणाकारावर. उतारा चढून टनेज पडलें तर गुणाकार तेथल्या तेथेंच राहावयाचा, प्रसंगीं खालींहि यावयाचा. एखाद्या औषधानें वा एखाद्या वाणानें साखर अमुक टक्के वाढते असें कोणी सांगूं लागला तर एकरीं वजनाचें काय होतें हा प्रश्न त्यास प्रथम विचारावा.

यांतून सुटण्याचा मार्ग म्हणजे जमाच वाढविणें, म्हणजे पानांची कमाई वाढविणें. पण पान हें कांड्यापासून अलिप्त नाहीं. २००६ सालीं दक्षिण आफ्रिकेंत उंसाचीं एक सोडून बाकीचीं पानें झांकून पाहिलीं; तेव्हां त्या उरलेल्या एका पानाची प्रकाशसंश्लेषणाची क्रिया वाढली. म्हणजे पान आपल्या पुऱ्या शक्तीनें काम करीत नव्हतें. खालून मागणी वाढतांच तें अधिक काम करूं लागलें. तेव्हां कोठीचें द्वार मोठें केल्यास पानाची कमाईहि थोडीबहुत वाढेल अशी आशा धरण्यास जागा आहे. आमच्या वहींत रोजचे १०० कायम धरले होते. खऱ्या उंसांत ते कायम नसतात, आणि तेवढ्यापुरती आमची वही अपुरी आहे.

आणखी एक गोष्ट वहींत कायम धरली होती, ती म्हणजे विकरांचें प्रमाण. विकर हें जनुकाच्या हुकमावरून तयार होतें आणि कालांतरानें झिजतें. त्याचीहि जमा व नांवें अशी एक वेगळी वही असते. या दोन वह्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत. पॅरिस येथील झाकोब व मोनो यांनीं १९६१ सालीं जंतूंच्या बाबतींत दाखविलें कीं, एका जनुकापासून झालेला पदार्थ दुसऱ्या जनुकाला बंद ठेवतो, आणि शर्करेच्या येण्यानें तो बंद सुटतो. उंसाच्या बाबतींत ग्लॅझिऊ व त्यांचे सहकारी यांनीं १९६६ सालीं दाखविलें कीं, कोवळ्या कांड्यांत ग्लुकोज वाढलें म्हणजे इन्व्हर्टेजची निपज मंदावते. इन्व्हर्टेजनेंच ग्लुकोज निर्माण होतें, आणि तेंच ग्लुकोज इन्व्हर्टेजला आवरतें. पाटाचें पाणी वाढतांच दार आपोआप खालीं यावें तशी ही व्यवस्था आहे.

अशा व्यवस्थेंत बाहेरून ढवळाढवळ केली तर काय होतें याचाहि एक हिशेब देतों. आंकडे पुन्हां समजुतीचेच. जनुकाची पुरी शक्ति ६० धरा. विकराची निपज म्हणजे ६० ला, एक अधिक ग्लुकोजचा दहावा भाग, या संख्येनें भागून येणारी रक्कम. ग्लुकोज विकराइतकेंच होतें व झीज निपजेइतकी होते असें धरा. मग विकर २० वर स्थिरावतें. कारण ग्लुकोज २० असतां भाजक ३ होतो, व ६० ला ३ नें भागलें असतां २० च येतात. आतां जनुकाची शक्ति निम्मी, म्हणजे ३०, केली. विकर निम्में होऊन १० वर यावें अशी आपली अपेक्षा. तें येतें १३ वर. विकर कमी झालें, म्हणून ग्लुकोज कमी झालें, म्हणून आवर सैल पडला, आणि उरलेलें जनुक अधिक जोमानें चालूं लागलें. पीक बदलत्या हवेंत तगून राहतें तें अशा व्यवस्थांच्या जोरावर. आणि सुधारणा करूं पाहणाऱ्याचे हात बांधले जातात तेहि यांनींच.

उंसाच्या बाबतींत याहून मोठी अडचण त्याच्या जनुकांच्या संख्येची आहे. कोइमतूर येथें १९१२ सालीं स्थापन झालेल्या केंद्रांत बार्बर व वेंकटरामन् यांनीं जाड उंसाचा रानटी उंसाशीं संकर केला. जावा बेटांतहि तसेच संकर झाले. आज आपल्या शेतांत असलेले ऊंस त्याच वंशपरंपरेंतले आहेत. त्यांच्या पेशींत शंभरांहून अधिक गुणसूत्रें असतात, आणि एकेका जनुकाच्या दोन नव्हे, अनेक प्रती. त्या साऱ्या सारख्याहि नसतात. एक प्रत बंद केली तर बाकीच्या चालूच. रीयुनियन बेटावर निपजलेल्या आर ५७० या वाणाची संपूर्ण जनुकसंहिता १९ वें व २० वें शतक उलटून २०२४ सालीं प्रसिद्ध झाली. भात, ज्वारी व मका यांच्या मागून पुष्कळ वर्षांनीं. उंसाच्या वहीचीं पानें आतां कोठें ओळीनें लागत आहेत. तेव्हां गणितानें दाखविलेल्या जागा अचूक असल्या तरी तेथें हात पोंचविणें सोपें नाहीं, आणि उद्यां-परवां असा ऊंस बांधावर येईल अशी आशा आम्ही वाचकांस लावूं इच्छीत नाहीं.

परंतु या वहींतील कांहीं रकमा शेतकऱ्याच्या हातांत आजहि आहेत. तोडणीपूर्वीं पाणी आवरतें घेणें, आणि रात्री गार होऊं लागल्यावर ऊंस पिकणें, या दोन्हींचा अर्थ आतां स्पष्ट होईल. थंडीनें व पाण्याच्या ओढीनें वाढ आधीं मंदावते. पानाची कमाई त्या मानानें टिकून राहते. म्हणून वाढीच्या वाट्यांतील जोड्या कोठीकडे वळतात. उशीरा दिलेलें नत्र याच्या अगदीं उलट करतें. शेंडा पुन्हां जोरानें वाढूं लागतो, वाढता भाग इन्व्हर्टेजनें भरलेला असतो, आणि पिकत आलेला ऊंस पुन्हां खर्चाच्या बाजूस झुकतो. युरिया स्वस्त मिळतो म्हणून मोठ्या बांधणीनंतर तो पुन्हां टाकण्याची चाल आमच्या भागांत बरीच आहे, व तिचें फळ सर्वांनाच, वर सांगितल्याप्रमाणें सरासरीनें, भोगावें लागतें.

दुसरी रक्कम तोडणीनंतरची. ऊंस तोडला कीं जमेची बाजू एकदम बंद पडते. पानें व मुळें दोन्ही गेलीं. खर्चाची बाजू मात्र बंद पडत नाहीं. पेशी श्वसन करीतच असतात, इन्व्हर्टेज आपलें काम करीतच असतें, आणि आतां फुटलेली साखर पुन्हां जोडण्यास लागणारी ऊर्जा अपुरी पडत जाते. उन्हानें तापलेल्या मोळींत हें अधिक वेगानें होतें. कापलेल्या तोंडांतून जंतू शिरतात त्यांचा खर्च आणखी वेगळा, आणि जळित उंसांत तर साल फाटलेली असल्यानें त्यांस मोकळें रानच मिळतें. म्हणून तोडलेला ऊंस चोवीस तासांच्या आंत गाळला जावा असा आग्रह धरावयाचा. तोड घालून दोन दिवस वाहनाची वाट पाहावयास लावणाऱ्या व्यवस्थापकांनीं हें ध्यानांत घेतलें पाहिजे, कारण ती साखर त्यांचीहि जाते. गुऱ्हाळवाल्यांस हें निराळ्या तऱ्हेनें अनुभवास येतें: शिळ्या उंसाच्या रसांत फुटलेली साखर अधिक असल्यानें गूळ मऊ पडतो, त्यास कणी धरत नाहीं, व पावसाळ्यांत तो पाझरतो.

ऊंस तपासण्यासाठीं हल्लीं पुष्कळांकडे ब्रिक्स पाहण्याची हातांतली दुर्बीण असते. उभ्या उंसाच्या बाबतींत ती उपयोगी आहे. बुडख्याकडील व शेंड्याकडील रसाचे ब्रिक्स घ्यावे. दोन्ही आंकडे जवळजवळ आले म्हणजे ऊंस पक्व झाला असें समजावें. शेंड्याचा आंकडा बराच कमी असेल तर वरच्या कांड्यांत खर्च अजून चालू आहे. तोडून ठेवलेल्या उंसाच्या बाबतींत मात्र हें यंत्र फसवितें. रसांत विरघळलेलें जें जें असेल तें सारें तें मोजतें; साखर कोणती व फुटलेली कोणती हें त्यास कळत नाहीं. ऊंस सुकून पाणी उडालें कीं ब्रिक्स वर चढतो, आणि त्याच वेळीं साखर आंतून कमी होत असते. अशा उंसाची खरी शिल्लक पाहावयाची तर पोल काढावा लागतो.